हलूनका आणि कोपऱ्यातली खुर्ची

सरकारी कचेरीसमोरच्या गल्लीत, शिंप्याच्या दुकानाला लागून त्याचा फोटो स्टुडिओ होता. ओळखपत्राचे फोटो, परवान्याचे फोटो, शाळेच्या दाखल्याचे फोटो. बत्तीस वर्षं हा माणूस लोकांना पांढऱ्या पडद्यासमोर स्टुलावर बसवत आला आणि बत्तीस वर्षं एकच वाक्य बोलत आला, "हनुवटी खाली, डावा खांदा वर, हलू नका." त्यावरून गल्लीनं त्याचं नाव हलूनका पाडलं. खरं नाव विजेच्या बिलावर तेवढं उरलं होतं.

पंचावन्नाव्या वर्षी त्याला एक वेड लागलं. आता जो तो आपल्या फोनवर फोटो काढतो, त्यामुळे दुकानात माशा मारायची वेळ आली होती. कपाटात जुन्या फोटोपेपरची पाकिटं पडून होती. कुठल्याशा जुन्या मासिकात वाचून त्यानं दुधाच्या पावडरीचा रिकामा डबा घेतला, आतून काळा रंगवला, सुईनं त्याला एक बारीक भोक पाडलं आणि आत कागद लावून झाकण पक्कं बंद केलं. झाला कॅमेरा. ना भिंग, ना बटण. भोकातून उजेड दिवसभर थेंबाथेंबानं आत येतो आणि कागदावर उमटत राहतो. जे जागचं हलत नाही ते कागदावर राहतं. जे हलतं ते पुसलं जातं. दोन-चार मिनिटं थांबलेल्या माणसाचीही तो कागद दखल घेत नाही.

पहिला डबा त्यानं कचेरीसमोरच्या चौकात, दिव्याच्या खांबाला बांधला. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. त्या चौकातून दिवसाला हजारभर माणसं तरी जात असतील. फोटोत चिटपाखरू नव्हतं. नुसता रिकामा रस्ता, बंद पडल्यासारखी दुकानं आणि कचेरीच्या पायरीवर बसलेला एकच म्हातारा. तो सकाळी अर्ज घेऊन आला होता आणि संध्याकाळपर्यंत त्याला कुणी आत बोलावलं नव्हतं. ज्याचं काम झालं नाही तेवढाच माणूस फोटोत उरला होता. हलूनका त्या कागदाकडे बघत किती तरी वेळ स्वतःशीच हसत राहिला.

मग त्यानं शिंप्याचा फोटो काढला. शिंपी दिवसभर मशीनवर बसून. फोटोत त्याचं धड स्पष्ट, मशीन स्पष्ट आणि हात मात्र कोपरापासून पुढे नाहीतच. शिंप्यानं फोटो पाहिला आणि त्याचा चेहरा उतरला.

"माझे हात कुठे गेले?"

"अरे, हलतात ना ते दिवसभर. म्हणून नाही आले."

"ते ठीक आहे. पण परत हा डबा माझ्या दुकानात आणायचा नाही. सांगून ठेवतो."

हलूनकानं ही गोष्ट घरी रंगवून सांगितली. बायको हसली, म्हणाली, "तुमच्या डब्यासमोर माझ्या आत्याला बसवा एकदा. तोंडच येणार नाही फोटोत."

घर दुसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या आणि एक अरुंद गॅलरी. मुलगी नोकरीसाठी लांब गेल्यापासून दोघंच. एका मंगळवारी सकाळी निघताना त्यानं एक डबा बाहेरच्या खोलीतल्या कपाटावर ठेवला.

"तुझा काही फोटो निघायचा नाही," तो चपला घालताना म्हणाला. "तुझा पाय कुठे ठरतो एका जागी?"

"बरंच झालं की. वाढलेलं वजन तरी दिसायचं नाही."

बुधवारी दुकानातल्या अंधाऱ्या खोलीत, लाल दिव्याखाली त्यानं तो कागद धुतला आणि त्यावर काळ्याचं पांढरं उमटतं म्हणून त्यावरून सुलटा फोटो काढला. ट्रेमधल्या पाण्यात खोली हळूहळू वर आली. खिडकी. धुरासारखा पडदा. भिंतीवरचं घड्याळ, पण त्याला काटे नव्हते. काटे दिवसभर फिरतात, ते कसे राहणार? त्याला मजा वाटली. मग कोपऱ्यातली वेताची खुर्ची वर आली आणि त्याच्या हातातला चिमटा ट्रेमध्ये पडला.

खुर्चीत कोणीतरी बसलं होतं.

मांडीवर हात ठेवून, खिडकीकडे तोंड करून. डोक्याच्या जागी नुसता धुरकट गोळा, नाक नाही, डोळे नाहीत. अंगातून मागचं वेताचं विणकाम आरपार दिसत होतं. हलूनकानं फोटो कसाबसा दुसऱ्या ट्रेमध्ये टाकून पक्का केला. त्यानं दिवा लावला, दार उघडलं आणि शिंप्याच्या दुकानात जाऊन, काही काम नसताना, उगाचच पाच मिनिटं उभा राहिला.

पण माणूस धंद्यातला. त्यानं स्वतःची समजूत घातली की पेपर जुना आहे, आधी कधीतरी वापरून चुकून परत पाकिटात गेला असेल, एकावर एक दोन फोटो आले असतील. गुरुवारी त्यानं सीलबंद पाकीट फोडलं आणि नवा कागद लावून डबा पुन्हा कपाटावर ठेवला. शुक्रवारी तीच खुर्ची, तेच बसणं, तोच धुरकट गोळा. ह्या वेळी तर जरा जास्तच गडद.

त्या संध्याकाळी जेवताना त्यानं विषय काढला. किती बेतानं काढावा ह्याचा विचार त्यानं जिना चढताना केला होता, पण तोंडातून निघायचं तेच निघालं.

"दिवसा कोणी येतं का गं घरी?"

बायकोचा घास हातातच राहिला. "म्हणजे?"

"म्हणजे, कोणी बसायला वगैरे?"

"लग्नाला एकोणतीस वर्षं झाली, आणि आता विचारताय? कोण येणार? काय म्हणायचंय काय तुम्हाला?"

पुढचे दोन दिवस तिनं त्याच्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं. शेवटी नाइलाजानं त्यानं दोन्ही फोटो तिच्यापुढे ठेवले. तिनं चष्मा लावून पाहिलं. तिच्या तोंडचा रंगच गेला.

"तूच तर नव्हतीस ना बसलेली?" त्यानं विचारलं.

"मी? मला वेळ आहे का बसायला? टेकले असेन मटार सोलताना पाच मिनिटं. फार तर."

इथंच हलूनका फसला. दुसरा कोणी असता तर त्याला शंका आली असती. पण ह्याला आपला धंदा पक्का ठाऊक. पाच मिनिटं कागदावर उमटत नाहीत, पंधराही नाहीत. एवढा गडद आकार यायला कुणीतरी तासनतास तिथे बसायला हवं, आणि ही तर म्हणते पाच मिनिटं. म्हणजे ही नव्हे. म्हणजे दुसरंच कोणीतरी. बायको कधी खोटं बोलली नव्हती आणि आत्ताही बोलत नव्हती. त्यामुळे त्याची भीती उलट वाढली.

बायकोनं त्याच दिवशी खुर्ची गॅलरीत नेऊन उलटी टाकली. "बसू दे आता कुठे बसायचं ते," म्हणाली. आवाज मोठा होता, पण आत येताच तिनं गॅलरीच्या दाराला कडी घातली.

बुधवारी त्यानं तिसरा फोटो धुतला. कोपरा रिकामा होता. त्यानं सुटकेचा श्वास सोडला. खिडकीजवळच्या पलंगाच्या कडेवर ते बसलं होतं. तसंच, मांडीवर हात ठेवून.

त्या दिवसापासून घराला अवकळा आली. बायको सकाळपासून रेडिओ मोठ्यानं लावून ठेवायची. स्वयंपाकघराचं दार ओढून घ्यायची, बाहेरच्या खोलीत एकटीनं जायचं तर आधी दारातून "कोण आहे?" असं विचारायची. हलूनका संध्याकाळी जिना चढताना खोकत चढायचा, म्हणजे आत कोणी असेल तर त्यानं निघून जावं. आपल्याच घरात शिरताना त्याची पाचावर धारण बसायची. हे कोणाला सांगायचं? शिंप्याला सांगितलं असतं तर दुपारपर्यंत कचेरीतल्या शिपायालाही कळलं असतं.

"आपण ही जागा सोडू या," ती म्हणाली. "मला इथे काहीतरी होतंय. दिवस कसा संपतो कळत नाही. सकाळचा चहा गाळते आणि तो प्यायला घेते तर गार दगड. वेळच पुरत नाही. ते घड्याळसुद्धा पुढे पळतं हो, तुम्ही नवीन आणलंत तरी."

त्यानं मान डोलावली. घड्याळाची तक्रार जुनी होती. सात-आठ महिन्यांत त्यानं दोनदा सेल बदलले होते, मग घड्याळच बदललं होतं. तीन पातेली करपून गेली होती, त्याचा दोष तिनं शेगडीला दिला होता. त्यानं शेगडीही दुरुस्त करून आणली होती. एवढा कर्तबगार नवरा!

रविवारी दुकान बंद. त्यानं ठरवलं की आज मोजायचं. रसायनाच्या चार काळ्या बाटल्या त्यानं खिडकीशी रांगेत मांडल्या, कपाटावर डबा ठेवला. पहिली बाटली तासाभरानं उचलली, दुसरी दोन तासांनी, तिसरी तीन, चौथी चार. बायको दिवसभर त्याच्या आसपासच होती, दोघांनी गप्पा मारत कपाटं आवरली, मुलीशी फोनवर बोलले. सोमवारी फोटो धुतला. चारही बाटल्या उमटल्या होत्या, पहिली जेमतेम, चौथी चांगली ठसठशीत. पलंगावर मात्र कोणी नव्हतं. त्यानं जुना फोटो शेजारी धरला. पलंगावर बसलेल्याची छटा चौथ्या बाटलीशी तंतोतंत जुळत होती.

चार तास. जे कोणी होतं ते चार तास हललं नव्हतं. आणि रविवारी, तो घरात असताना, आलं नव्हतं.

तेवढ्यात बाहेर गिऱ्हाईक आलं. एक शिक्षिका, ओळखपत्राचा फोटो हवा होता. त्यानं तिला स्टुलावर बसवलं, कॅमेऱ्यातून पाहिलं आणि जिभेवर बसलेलं वाक्य म्हटलं. "हनुवटी खाली, डावा खांदा वर, हलू..."

वाक्य पुरं झालं नाही.

तो आत गेला आणि दोरीवर चिमट्यानं लावलेले ते तीन फोटो त्यानं पुन्हा पाहिले. तोंड नव्हतं, हे खरं. पण खांदे होते. आणि तिन्ही फोटोंत डावा खांदा दोन बोटं खाली उतरलेला होता. हा खांदा त्यानं लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात, ह्याच पडद्यासमोर, हातानं वर उचलला होता. ती तेव्हा म्हणाली होती, "तो तसाच आहे जन्मापासून. राहू द्या की." एकोणतीस वर्षं त्यानं तो खांदा रोज पाहिला होता आणि ओळखला नव्हता.

"अहो, झालं का?" शिक्षिकेनं बाहेरून विचारलं.

"उद्या या," तो म्हणाला, आणि दोरीवरचे फोटो आणि बाटल्यांचा फोटो खिशात घालून, दुकान उघडं टाकून निघाला. शिंपी मागून हाका मारत होता. हलूनकाला त्या ऐकू आल्या नाहीत.

सकाळचे साडेअकरा झाले होते. जिन्यात रेडिओ ऐकू येत होता. ह्या वेळी तो खोकला नाही. किल्ली लावली आणि दार ढकललं.

बायको पलंगाच्या कडेवर बसली होती. मांडीवर हात. खिडकीकडे तोंड. स्वयंपाकघरात नळ वाहत होता, बादली भरून पाणी जमिनीवरून उंबऱ्यापर्यंत आलं होतं. तिच्या पायांना पाणी लागत होतं, तिला पत्ता नव्हता. डोळे उघडे होते.

"अगं."

काही नाही.

"अगं, मी आलोय."

त्यानं तिच्यासमोर हात हलवला. पापणी लवली, पण ती त्याला पाहून नव्हे. ओठ किंचित हलत होते, काहीतरी चघळल्यासारखे. हलूनका आयुष्यात इतका घाबरला नव्हता. खुर्चीत भूत असतं तर बरं झालं असतं, असं त्याला अगदी मनापासून वाटलं. भुताला घराबाहेर काढता येतं. त्यानं नळ बंद केला, रेडिओ बंद केला आणि ओल्या जमिनीवर तिच्या पायांशी बसून तिचा हात धरला. बत्तीस वर्षं लोकांना हलू नका सांगणारा तो माणूस पुन्हा पुन्हा म्हणत होता, "हल ना गं. जरा हल."

ती एक वाजून दहा मिनिटांनी हलली. आधी मान वळली, मग बोटं. तिनं त्याच्याकडे पाहिलं, जमिनीकडे पाहिलं.

"तुम्ही कधी आलात? आणि हे पाणी कसलं? नळ आत्ता तर सोडला मी. अकरासुद्धा वाजले नसतील."

त्यानं भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं.

"ते पुढेच असतं," ती म्हणाली. आणि मग तिनं त्याचा चेहरा पाहिला.

सांगणं भाग होतं. त्यानं खिशातून फोटो काढला, बाटल्यांचा फोटो काढला, खांद्यावर बोट ठेवलं आणि सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. आधी रागावली, काहीही काय बोलता म्हणाली. मग आरशासमोर जाऊन उभी राहिली, स्वतःचा डावा खांदा पाहिला आणि परत आली.

"म्हणजे मी मलाच घाबरत होते?"

"आपण दोघंही."

"चार तास," ती म्हणाली. "रोज. मग मी असते कुठे तेव्हा?"

तिला रडू फुटलं आणि त्यालाही. एकमेकांना धरून ती दोघं ओल्या खोलीत बसून राहिली. हात सोडायची दोघांचीही हिंमत होत नव्हती.

डॉक्टरीणबाई बिचाऱ्या भल्या होत्या, पण घाईत होत्या. "ह्या वयात अशी मरगळ येते," त्या म्हणाल्या. "मुलगी लांब गेली, घर रिकामं झालं. थोडं फिरायला जा." हलूनकानं त्यांच्या टेबलावर पत्ते मांडावेत तसे फोटो मांडले. प्रत्येकाच्या पाठीमागे तारीख आणि तास लिहिलेले होते.

"तास तुम्हाला कसे कळले?"

त्यानं बाटल्यांचा फोटो दाखवला. डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि बाहेरच्या रोग्यांना थांबायला सांगितलं. मग तपासण्या झाल्या, डोक्याला तारा लावून कागदावर रेघा काढून झाल्या. "झटके आहेत," त्या म्हणाल्या. "झटका म्हणजे हातपाय झाडणंच असं नाही. काही झटके असे गुपचूप येतात, एकामागून एक. माणूस नुसतं बसलेलं दिसतं. गप्पांत, कामात असलं की एखाद्या दिवशी येतही नाहीत. औषध आहे. पण ते लागू पडतंय की नाही हे कळायला वेळ लागेल. आणि ह्यांना एकटं ठेवू नका. शेगडी, गॅलरी, जिना, कशाचाही भरवसा नाही."

त्या दिवसापासून बायको रोज त्याच्याबरोबर दुकानात येऊ लागली. वेताची खुर्ची त्यानं गॅलरीतून काढून, धुऊन, दुकानाच्या खिडकीशी ठेवली. ती खुर्ची तिनंच मागितली. "आता तिची काय भीती? मीच होते ना," म्हणाली. समोरच्या फळीवर डबा. भानावर असेपर्यंत ती दुकानात काम करत फिरायची आणि भान हरपलं की घरच्यासारखीच खिडकीशी जाऊन बसायची, म्हणजे कागदावर उमटेल तो हरवलेला वेळच. रोज सकाळी आठला नवा कागद, संध्याकाळी सहाला बाहेर, आणि आठवड्याचे कागद शनिवारी दुपारी एकदम धुवायचे, असा नेम ठरला. गिऱ्हाइकं असताना त्याचं लक्ष दर क्षणी तिच्यावर राहणं शक्य नव्हतं. डबा मात्र नजर हलवत नव्हता.

जगात बाकी सगळे फोटोवाले माणूस फोटोत नीट यावं म्हणून धडपडतात. हलूनका लाल दिव्याखाली ट्रेवर वाकून, आपली बायको फोटोत येऊ नये म्हणून जीव मुठीत धरून उभा राहायचा.

पहिल्या शनिवारी ती आली. पाचही दिवस आली, चौथ्या बाटलीइतकी. दुसऱ्या शनिवारीही. डॉक्टरीणबाईंनी औषध वाढवलं. तिला दिवसभर झोप येऊ लागली, जेवण जाईना. एकदा तिनं गोळी हातात धरून विचारलं, "हिनंही नाही गेलं तर?" त्यानं पाण्याचा पेला पुढे केला. दुसरं काय करणार होता? त्या आठवड्यात त्याचं लक्ष खुर्चीकडे इतकं लागलेलं होतं, की गिऱ्हाइकांचे दोन फोटो हलले. हलूनकाच्या दुकानात हे कधी झालं नव्हतं, आणि शिंप्यानंही त्यावर विनोद केला नाही.

सहाव्या शनिवारी ती म्हणाली, "आज मीही येते आत."

"कशाला? वास असतो रसायनांचा."

"माझाच फोटो आहे ना? येते."

आत दोघांना उभं राहायला जेमतेम जागा. त्यानं दार लावलं, लाल दिवा लावला आणि सोमवारच्या कागदाचा सुलटा फोटो ट्रेमध्ये सोडला. तिनं त्याचं मनगट धरलं. आधी खिडकी आली. मग पांढरा पडदा आला, स्टूल आलं. स्टुलावर दिवसभरात आठ-दहा माणसं बसून गेली होती, त्यांतलं एकही नव्हतं. मग खुर्चीचे पाय आले. तिची नखं त्याच्या मनगटात रुतली.

"आहे का मी?"

तो ट्रे हलवत राहिला. खुर्चीची पाठ वर आली, विणकामाची एकेक काडी मोजता येईल इतकी स्वच्छ. तो अजून खाली वाकला. काड्यांवर एक पुसटशी सावली होती. डावीकडे जरा उतरलेली. माहीत नसतं तर कुणाला दिसलीही नसती.

"खरं सांगा."

"आहेस," तो म्हणाला. "पहिल्या बाटलीपेक्षाही कमी. अर्धा तास असेल. पाऊण."

ती ट्रेवर वाकून त्या सावलीकडे बघत राहिली. त्याला तिच्या श्वासाचा आवाज येत होता आणि तो आवाज चालू आहे ना, ह्याकडेच त्याचं सगळं लक्ष होतं.

"अर्धा तास," ती म्हणाली. "एवढाच वेळ नव्हते मी?"

"एवढाच."

"मग पुढचा कागद टाका," ती म्हणाली. तिनं त्याचं मनगट सोडलं आणि त्याच्या हातातला चिमटा स्वतःच घेतला.